पलंगाखालचं बावीस किलो मीठ

या वेळचं पत्र कोल्हापुरातल्या एका शिक्षिकेचं आहे. वय ३९. घर पंचगंगेपासून चालत दहा मिनिटांवर, शाळा तीन किलोमीटरवर. घरात नवरा, दोन मुलं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. अडचण सासूबाईंची आहे. एखादी वस्तू मिळणार नाही अशी नुसती कुणकुण लागली, की त्या मुलाला रात्री दहा वाजता दुकानात पिटाळतात. गेल्या महिन्यात गल्लीच्या ग्रुपवर ‘तेल-मीठ महागणार’ असा मेसेज फिरला आणि दुसऱ्या दिवशी घरात तेलाचे दोन डबे आले. पलंगाखालचं मीठ आधीचं धरून बावीस किलो झालं. त्याच आठवड्यात सोंडे लागलेला आठ किलो तांदूळ टाकून द्यावा लागला आणि भांडण पेटलं. रागाच्या भरात बाई सासूबाईंना ‘साठेबाज’ म्हणाल्या. सासूबाईंनी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी एवढंच बोलल्या, “तुला काय म्हाईत? पाणी आल्यावर कोण कुणाला इचारत न्हाई.” पाऊस लागला की त्या रात्री उठून मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी बघत बसतात. पत्राच्या शेवटी एक कबुली आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचा संप झाला, तेव्हा टाकी अर्धी भरलेली असताना बाई स्वतः दीड तास पेट्रोलच्या रांगेत उभ्या होत्या, ‘सगळेच उभे होते म्हणून’. त्या विचारतात, शिकल्यासवरल्या घरातला हा अडाणीपणा कसा थांबवायचा? आईंना डॉक्टरांकडे न्यावं का?

ताई,

तुमचं पत्र मी शेवटाकडून वाचायला घेते, म्हणजे पेट्रोलच्या रांगेपासून. राग मानू नका, पण सासूबाईंच्या मिठाचं कोडं मला त्या रांगेतच सुटताना दिसतंय.

अर्धी टाकी आणि तीन किलोमीटरवर शाळा. आठवडाभर तरी तुम्हाला पंपाचं तोंड बघायचं कारण नव्हतं. तेव्हा झालं काय होतं? नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. तिच्या विरोधात ट्रक-टँकरवाल्यांनी १ जानेवारीला गाड्या उभ्या केल्या, आणि २ तारखेच्या रात्री सरकारशी बोलणी होऊन संप मिटलासुद्धा. सगळा मामला दोन दिवसांचा. तेवढ्यात राज्यभर कितीतरी पंपांवर ‘पेट्रोल संपले’ अशा पाट्या लागल्या.

टँकर आले नव्हते हे खरं. पण तेवढ्याने पंप इतक्या झटपट कोरडे पडत नाहीत. एरवी आपली गाडी रिझर्व्हला आली की आपण पंपावर जातो. समजा एका पंपाची नेहमीची गिऱ्हाइकं म्हणजे शंभर स्कूटर. त्यातल्या दहा-पंधराच एका दिवशी येतात, आणि पंपवाला त्याच अंदाजाने माल मागवतो. त्या दिवशी शंभरच्या शंभर आल्या. पाच लिटरची टाकी, सरासरी अर्धी रिकामी, म्हणजे अडीचशे लिटर एका सकाळीच उचललं गेलं. पेट्रोल कुठे उडून गेलं नव्हतं, पंपाच्या टाकीतून तुमच्या-माझ्या टाकीत येऊन बसलं होतं. (हो, माझ्यासुद्धा. मीही त्या दिवशी रांगेत होते, आणि माझी स्कूटर त्यानंतर चार दिवस जिन्याखालून हललीच नाही.) ज्या रिक्षावाल्याची टाकी खरोखर खडखडीत होती, तो आपल्या दोघींच्या मागे उभा असणार.

आता मला सांगा, तुम्ही अडाणी होतात का? मला नाही वाटत. रांग दिसल्यावर तुम्ही मनात एक सरळ हिशेब केलात. उभी राहिले आणि गरज पडली नाही, तर दीड तास वाया. उभी राहिले नाही आणि पेट्रोल खरंच संपलं, तर आठवड्याचे हाल. पहिला तोटा लहान, दुसरा मोठा. तुमच्यापुरता हिशेब बरोबरच होता. घोळ एवढाच की तोच बरोबर हिशेब तिथल्या प्रत्येकाने त्याच सकाळी केला.

सासूबाईंचं मीठ याहून वेगळं नाही. मीठ स्वस्त, नासत नाही, रोज लागतं. उगाच आणलं तर गेले चारपाचशे रुपये. नाही आणलं आणि खरंच मिळेनासं झालं, तर सगळ्या घराचं जेवण अळणी. याला मूर्खपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही. प्रमाण मात्र चुकलंय, आणि ते तुम्ही त्यांच्यासमोर बसून मोजू शकता. माणशी दिवसाला १० ग्रॅम धरलं, आणि तेही आरोग्याच्या दृष्टीने जास्तच आहे, तरी पाच माणसांना महिन्याला दीड किलो पुरतं. बावीस किलो म्हणजे चौदा महिन्यांचं मीठ. पण हा आकडा भांडणात काढू नका. त्याची वेळ पुढे येईल.

मिठावरून नोव्हेंबर २०१६ आठवला. ८ तारखेला नोटबंदी जाहीर झाली आणि ११ तारखेला संध्याकाळी दिल्ली-उत्तर प्रदेशपासून मुंबईपर्यंत अफवा उठली की मीठ संपतंय, दोनशे रुपये किलो झालंय, कुठे चारशे झालंय. मीठ पिकवणाऱ्या जगातल्या पहिल्या तीन देशांत आपण आहोत. एकट्या गुजरातेत देशातलं बहुतेक मीठ तयार होतं. त्याची टंचाई होणार कशी? पण लोक पिशव्या घेऊन धावले. मला त्यात मिठापेक्षा तारीख जास्त बोलकी वाटते. तीनच दिवसांपूर्वी लोकांच्या कपाटातल्या पाचशे-हजाराच्या नोटांचा एका रात्रीत कागद झाला होता. काय चाललंय कळत नव्हतं आणि आपल्या हातात काही नव्हतं. अशा वेळी भीतीला टेकायला एखादी वस्तू लागते, आणि ती वस्तू आपल्याला परवडणारी असावी लागते. घर उचलून उंचावर नेता येत नाही, नदीला मागे ढकलता येत नाही. मीठ मात्र आणता येतं.

अफवा फक्त अडाणी माणसांत पसरते असं तुम्हाला वाटत असेल, तर जपानची एक गोष्ट सांगते. डिसेंबर १९७३. तेलसंकटाचे दिवस, टॉयलेट पेपरवाचून दुकानं रिकामी झालेली, लोक आधीच धास्तावलेले. तोयोकावा भागातल्या एका पतसंस्थेत एका शाळकरी मुलीला नोकरी लागणार होती. रेल्वेत मैत्रिणी तिला चिडवत म्हणाल्या, पतसंस्था म्हणजे धोकाच. त्यांच्या डोक्यात होते दरोडेखोर. मुलीने घरी विचारलं, ते नातेवाइकांत गेलं, तिथून केशकर्तनालयात, तिथून धोबीदुकानात. त्या दुकानाच्या फोनवरून एका गिऱ्हाइकाने आपल्या घरी सांगितलं, त्या पतसंस्थेतून पैसे काढून आण. त्याला ते धंद्यासाठी हवे होते, अफवा त्याच्या कानावरही नव्हती. पण दुकानातल्या बाईने ते ऐकलं आणि तिची खात्री पटली. मग तिने ओळखीच्यांना फोन लावले. काही दिवसांत त्या चांगल्या चाललेल्या संस्थेतून शंभर कोटी येनच्या वर रक्कम लोकांनी काढून नेली. यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. आपापल्या जागी प्रत्येकजण शहाण्यासारखाच वागला.

रॉबर्ट मर्टन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९४८ साली हेच बँकेचं उदाहरण घेऊन लिहिलं होतं. बँक बुडणार असं पुरेशा लोकांना वाटलं, की पैसे काढायची झुंबड उडते आणि धड बँकही बुडते. खोटं भाकीत लोकांच्या वागण्यामुळे खरं होतं. किराणा दुकानाचंही तसंच. लक्ष्मीपुरीच्या घाऊक बाजारातून माल भरणारा आपला गल्लीतला दुकानदार चार-पाच दिवसांच्या खपापुरताच साठा ठेवतो, कारण त्याचं भांडवल तेवढंच असतं आणि जागाही. गल्लीतल्या चाळीस घरांनी एकाच दिवशी एकेक पिशवी जास्त नेली, तरी त्याची फळी संध्याकाळपर्यंत रिकामी दिसते. त्यासाठी कुणी पोत्यांनी माल न्यायला लागत नाही. मग एकेचाळिसावी बाई येते, रिकामी फळी बघते, आणि मेसेजवर तिचा विश्वास बसतो. आमचा दुकानदार अशा वेळी म्हणतो, “वहिनी, मीठ संपलं न्हाई, लोकांनी आपापल्या घरात न्हेऊन ठेवलंय.”

तुम्ही लिहिलंय की आईंना तुम्ही बातमी दाखवलीत, ‘साठा मुबलक, घाबरू नका’, तरी त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही बसत नाही. ‘घाबरू नका’ ऐकलं की आधी मनात येतं, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे. २४ मार्च २०२० ला रात्री आठच्या भाषणात टाळेबंदी जाहीर झाली. किराणा, दूध, औषधं चालू राहणार होती. तरी त्याच रात्री लोक दुकानांवर तुटून पडले. मोघम दिलासा पोटाला कळत नाही. डोळ्यांना दिसेल असं काही लागतं. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं उघडली. लोकांना तिथे धान्य दिसत होतं, रोज आणि ठरल्या भावात. त्यामुळे ‘धान्य आहे’ हे निराळं सांगावं लागत नव्हतं. तुम्ही आईंना बातमी दाखवण्यापेक्षा दुकानदाराला त्यांच्यासमोर फोन लावा आणि विचारा, पुढची गाडी कधी येतेय? ‘गुरुवारी येतेय’ एवढ्या उत्तराने जे होईल, ते पंचवीस खुलाशांनी होणार नाही.

आता पुराकडे येते, कारण आईंच्या त्या एका वाक्याजवळून तुम्ही पत्रात फार भरकन निघून गेलात.

मिठाची अफवा आणि आपल्याकडचा महापूर यांना एका मापाने मोजता येत नाही. मिठाची टंचाई लोकांनी तयार केली होती. ऑगस्ट २०१९ ची टंचाई नदीने केली होती. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला आणि जवळजवळ आठवडाभर शहर तुटलं. १२ ऑगस्टला रस्ता थोडा मोकळा झाला, तेव्हा आधी पेट्रोल, गॅस, दुधाचे टँकर सोडावे लागले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी आणखी चढलं, ५६ फुटांवर. ज्या बाईने दोन वर्षांत दोनदा हे बघितलंय, तिला ‘असं काही होत नसतं’ असं सांगायला आपण कोण? तिच्या आयुष्यात ते झालेलं आहे.

२०१९ मध्ये मी राजारामपुरीत राहत होते, चढावर. घरात पाणी शिरलं नाही. कोठीत सहा महिन्यांचे गहू-तांदूळ होते आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. दुसऱ्या दिवशी नळ कोरडे पडले. नदीवरची उपसा केंद्रंच बुडाली होती. शहराच्या भोवती मैलोनमैल पाणी, आणि आम्ही पागोळ्यांखाली बादल्या लावून बसलो होतो. शेजारच्या आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चौथ्या दिवशी संपल्या. एटीएम बंद, दुकानदाराकडे सुटे नाहीत, फोन चार्ज नाही. सहा महिन्यांच्या गव्हाने यातलं काहीच सुटलं नाही. आणि गिरणीही बंद होती, हे सांगायचं राहिलं.

म्हणून मला शंका येते की तुमच्या घरात जमा झालेल्या वस्तू आणि २०१९ मध्ये खरोखर कमी पडलेल्या वस्तू या दोन याद्या जुळणार नाहीत. भीती खरी आहे, खरेदी मात्र भलतीच होतेय. हे तुम्ही आईंना कधी विचारलंय का, की तेव्हा आपल्या घरात नक्की काय संपलं होतं? पत्रात तरी मला ते कुठे सापडलं नाही.

त्या ‘साठेबाज’ शब्दाविषयीही बोलायला हवं. साठेबाज म्हणजे भाव चढावा म्हणून माल दडवून ठेवणारा. १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा आहे तो अशांसाठी, व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घालण्यासाठी. तुमच्या आईंनी एक पुडी तरी चढ्या भावाने विकली का? चार दिवसांचा अबोला मला तरी जास्त वाटत नाही.

आपल्याकडे यासाठी जुना, चांगला शब्द आहे, बेगमी. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य ऊन दाखवून भरायचं, डाळींना एरंडेल चोळायचं, गव्हात कडुनिंबाचा पाला घालायचा, मिरच्या वाळवून वर्षाचं तिखट करून ठेवायचं, सांडगे-पापड करायचे. आईंची सगळी हयात यात गेली आहे. बेगमी आणि घाबरून केलेली खरेदी यांत फरक आहे तो वेळेचा. बेगमी हंगामात होते, बाजार भरलेला असताना, भाव उतरलेला असताना, आणि त्यामुळे कुणाच्या ताटातलं जात नाही. उलट पुढे टंचाई आली तर बेगमी केलेलं घर रांगेत उभं राहत नाही, आणि ती जागा दुसऱ्याला मिळते. घाबरलेली खरेदी बाजार आटत असताना होते. ज्याचं हातावर पोट आहे, रोजच्या मजुरीतून जो रोजचं पाव किलो तेल नेतो, त्याच्या वाट्याचं त्या दिवशी आपण उचलतो. पगार झालेला माणूस दोन डबे आणू शकतो, तो नाही आणू शकत. म्हणजे आईंची सवय मोडायची नाहीये. रात्री दहाची ती खरेदी उचलून मे महिन्यात नेऊन ठेवायची आहे.

ते कसं करायचं? मी असते तर आधी माफी मागितली असती. ‘साठेबाज म्हणायला नको होतं’, एवढंच, पुढे ‘पण’ न लावता. मग या घरची पूरबेगमी आईंच्याच ताब्यात दिली असती. नियम त्यांच्याबरोबर बसून ठरवायचे, पण कारभार त्यांचा. ज्या माणसाला दोन पुरांत काहीच करता आलं नाही, त्याला हे काम म्हणजे औषधासारखं आहे.

सामान पलंगाखालून हलवा, हे आजच करा. नदीपासून दहा मिनिटांवरच्या घरात पलंगाखाली ठेवलेलं मीठ सगळ्यांत आधी भिजणार. माळा, वरचा मजला, नाहीतर उंचावरच्या नातेवाइकांकडे एक पेटी. तिच्यात काय हवं हे २०१९ च्या आठवणीवरून ठरवा, पण माझा अंदाज सांगते. पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरून निदान तीन दिवसांचे झाकणाचे कॅन आणि पाणी शुद्ध करायचं औषध, आईंच्या रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, दहा-वीस-पन्नासच्या नोटांमध्ये थोडी रोकड, बॅटरी, भरलेली पॉवर बँक, दळलेलं पीठ, पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, दुधाची पावडर, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये. दुसरं सिलिंडर असेल तर पहिलं संपल्या दिवशीच नोंदणी करायची, पावसाळ्यात तर नक्की. पेट्रोल मात्र घरात कॅनमध्ये कधीच नको, तो उघड धोका आहे. जून ते सप्टेंबर टाकी अर्ध्याच्या खाली गेली की भरायची एवढी सवय लावा. ती रोजची सवय असली की संपाच्या दिवशी तुम्हाला रांगेत जावंसंच वाटणार नाही.

हे सगळं पडून राहिलं तर पुन्हा सोंडे. प्रत्येक पिशवीवर मार्करने तारीख, जुनं पुढे, नवं मागे, आणि दर महिन्याला पेटीतलं काढून स्वयंपाकात वापरायचं आणि ताजं भरायचं. आठ किलो तांदूळ फुकट गेला तो साठवल्यामुळे नाही, विसरल्यामुळे. या कामाला मुलांना घ्या, आजीच्या हाताखाली.

मेसेज आला की काय करायचं, तेही आधीच ठरलेलं असू द्या. भीतीच्या क्षणी कुणालाच नवा विचार सुचत नाही. आमच्या घरात नियम आहे, रात्री आलेल्या मेसेजवर सकाळी बोलायचं. सकाळी दुकानदाराला फोन. पुराची किंवा रस्ता बंद झाल्याची बातमी असेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक. तरीही जीव राहिना, तर त्या वस्तूची एक पिशवी आणायची. एकच. ‘काहीच आणायचं नाही’ हा नियम आईंना पाळता येणार नाही आणि तुम्हालाही नाही, पंपावर ते दिसलंच. आणि तो मेसेज पुढे पाठवायचा नाही, ‘खरं आहे का हो?’ असं विचारत तर अजिबातच नाही. तोयोकावातही ते प्रकरण एका मुलीच्या प्रश्नानेच घराबाहेर पडलं होतं.

डॉक्टरांचं विचारलंत. बावीस किलो मिठासाठी डॉक्टर नको. पण पाऊस लागला की रात्र-रात्र जागून पातळी बघणं, याची मला मिठापेक्षा जास्त काळजी वाटते. पुरातून गेलेल्या माणसांना पावसाच्या आवाजाने छातीत धडधडणं, झोप उडणं हे होतं, आणि त्यावर उपाय असतो. आईंचं खाणं कमी झालं असेल, घराबाहेर पडायला त्या घाबरत असतील, किंवा खरेदी ऐपतीबाहेर जाऊन घरखर्च ओढला जात असेल, तर जरूर दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, त्यावर आधी तुम्ही बोलून बघू शकता. फक्त ‘तुमच्या डोक्यात बिघाड आहे’ अशा सुरात नेऊ नका. ‘आई, तुमची झोप होत नाही, ती व्हायला हवी’ असं म्हणा. आणि तोवर पातळी बघायचं काम वाटून घ्या. रात्री बारापर्यंत त्या, बारानंतर तुमचे मिस्टर. कुणीतरी जागं आहे एवढं कळलं, तरी त्यांचा डोळा लागेल कदाचित.

‘कोण कुणाला इचारत न्हाई’ हे त्या का म्हणाल्या, ते मला माहीत नाही. २०१९ मध्ये खेड्यापाड्यांतून टेम्पो भरभरून भाकरी-चटणी शहरात येत होती, तालमींची पोरं छातीभर पाण्यात उतरली होती, हे मी बघितलंय. पण तुमच्या गल्लीत, तुमच्या जिन्यात काय झालं ते आईच सांगू शकतील. त्या पाण्यात कुणीतरी त्यांना विचारलं नसणार.

त्या मिठाचं असं करा. पावसाळ्यात त्याला पाणी सुटेल, म्हणून पाचेक किलो चिनी मातीच्या बरणीत घट्ट बंद करून घरी ठेवा, तीनेक महिन्यांची सोय झाली. थोडं कैरीच्या लोणच्याला जाईल. उरलेलं आईंना सोबत घेऊन गल्लीतल्या मंडळाच्या महाप्रसादाला देऊन या. चौदा महिन्यांचा तो हिशेब तेव्हा हसत सांगा, जाता-येता.

आणि बरण्या भरताना त्यांना विचारा, तेव्हा घरात काय संपलं होतं. त्या काय म्हणाल्या, ते मला लिहून कळवा.